खोल समुद्रातला काचस्पंज ओळखायचा कसा, वर्णायचा कसा

बरणीचं झाकण उघडलं की आत बहुतेक वेळा एक मळकट, चेपलेला गोळा दिसतो. दीड-दोन हजार मीटर खाली तो देठावर उभा असलेला नाजूक पेला होता, काचस्पंज नावाचा जिवंत प्राणी. जाळ्यातून डेकवर येईस्तोवर त्याची ही गत होते. तरीही अशा गोळ्याला नाव देता येतं, कारण काचस्पंजाचं नाव ठरतं ते त्याच्या स्पिक्यूलवरून, म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म काट्यांवरून. मराठीत कंटिका म्हणता येईल, पण प्रयोगशाळेत सगळे स्पिक्यूलच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

प्रत्येक स्पिक्यूलला दोन प्रश्न विचारायचे असतात: तू कसला आणि तू कुठला? 'कसला' हे सूक्ष्मदर्शकाखाली केव्हाही कळतं. 'कुठला', म्हणजे शरीराच्या बाहेरच्या पृष्ठावरचा, भिंतीच्या आतला, पोकळीच्या बाजूचा की देठातला, हे मात्र तुकडा आम्लात पडला की कायमचं पुसलं जातं.

मी हे फार उशिरा शिकलो. माझ्या हाती आलेला पहिला नमुना दोन बोटांएवढा होता. त्यातला चांगला जाड तुकडा कापून मी सरळ नायट्रिक आम्लात उकळला. काचपट्टी देखणी झाली. पिन्यूल, म्हणजे झाडाच्या फांदीसारखा केसाळ किरण असलेले स्पिक्यूल, त्यात दोन आकारमानांचे दिसत होते. पण लांब कोणते, पृष्ठावरचे की पोकळीच्या बाजूचे? उत्तर देणारा पृष्ठभागच मी विरघळवून टाकला होता. उरलेल्या तुकड्याचा पृष्ठ खरवडलेला होता. तो नमुना आजही प्रजातीच्या नावाशिवाय पडून आहे, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या चुकीतून रचलेल्या आहेत.

हा काचस्पंजच आहे ना?

स्पंजांच्या ज्ञात प्रजाती नऊ हजारांहून अधिक, त्यात काचस्पंज सातशेच्या आसपास. वर्गाचं नाव हेक्झॅक्टिनेलिडा, म्हणजे सहा किरणांचे. एकमेकांना काटकोनात छेदणारे तीन अक्ष आणि त्यांची सहा टोकं, हा त्यांच्या स्पिक्यूलचा मूळ साचा. यातले काही किरण आखडले की पाच किरणांचा पेंटॅक्टिन, चार किरणांचा स्टॉरॅक्टिन, दोन किरणांचा डायॅक्टिन तयार होतो.

खरी अडचण डायॅक्टिनशी येते, कारण साधी सरळ सुई डेमोस्पंजातही, म्हणजे स्पंजांच्या सर्वांत मोठ्या वर्गातही, असते. अशा वेळी सुईच्या मध्यावर नजर लावा. काचस्पंजाच्या डायॅक्टिनमध्ये बरेचदा तिथे हलकासा फुगवटा असतो, आणि आतल्या बारीक नळीला तिथे एक लहानसा क्रॉस दिसतो. न वाढलेल्या किरणांची ती खूण. तो क्रॉस दिसला की शंका फिटली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली सुई मिळाली तर आणखी एक पुरावा हाती येतो: काचस्पंजात या नळीचा आडवा छेद चौकोनी असतो, डेमोस्पंजात तो त्रिकोणी किंवा षट्कोनी असतो.

जहाजावर

नमुना काढण्याआधी तो जिथे उभा आहे तिथेच त्याचे फोटो घ्या. दूरनियंत्रित वाहनावर ठरावीक अंतरावरचे दोन लेझर ठिपके असतील तर मापही मिळतं. रंग, देठाची उंची, तोंड कुठल्या दिशेला आहे, चिखलात रोवलाय की खडकाला चिकटलाय, अंगावर कोण राहतंय, हे सगळं तेव्हाच टिपायचं. फोटो कितीही सुंदर असला तरी नुसत्या फोटोवरून प्रजातीचं नाव लिहू नका. देठावर उभे असलेले, वरून पेल्यासारखे दिसणारे स्पंज वेगवेगळ्या कुलांत आहेत.

वर आल्यावर ९६ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि एका दिवसाने ते बदला. स्पंजाच्या अंगात इतकं पाणी असतं की पहिलं अल्कोहोल पातळ होऊन जातं. डीएनएसाठी लहान तुकडा वेगळ्या कुपीत लगेच घ्या. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचा त्या कामाला फारसा उपयोग राहत नाही. बरणीच्या आतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. चिठ्ठीवर स्थानक, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख आणि नमुना कशाने काढला ते हवंच. हातमोजे घाला, कारण हे काटे काचतंतूसारखे कातडीत शिरतात आणि डोळ्याला लागलेला हात फार महागात पडतो.

चिमटा हातात घेण्यापूर्वी

गोळा पाण्यासारख्या स्वच्छ अल्कोहोलमध्ये बशीत पसरवा आणि स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली निवांत पाहा. निदान एक दुपार द्या. भिंत कुठे, पोकळी कुठे, पोकळीचं तोंड कुठे? तोंडाच्या कडेला काट्यांची झालर आहे का? बाजूने काटे बाहेर आलेत का? तळाशी काय आहे, खडकाला चिकटणारा टणक पाया, की चिखलात रुतणारा काचेच्या केसांचा झुबका?

एखाद्या फांदीवर बोट हलकेच दाबून पाहा. मऊ लागली तर स्पिक्यूल सुटे आहेत, बिस्किटासारखी कडक आणि ठिसूळ लागली तर ते एकमेकांना जुळून सांगाडा झालाय. पण तळाच्या किंवा देठाच्या कडकपणावर जाऊ नका. सुट्या स्पिक्यूलच्या गटातही म्हातारपणी देठात आणि बुडाशी सिलिकाचा गिलावा बसून काटे जुळतात. 'व्हीनसची फुलपरडी' म्हणून ओळखली जाणारी युप्लेक्टेला आस्परजिलम हे त्याचं ठळक उदाहरण आहे. तिची सुंदर जाळीदार नळी कडक असते, तरी ती सुट्या स्पिक्यूलच्या गटातलीच.

आणखी एक फसवणूक हायलोनेमाच्या बाबतीत होते. त्याचा देठ म्हणजे पीळ दिलेला काचेचा दोर, आणि त्या दोरावर बरेचदा प्रवाळांच्या जवळच्या प्राण्यांची वसाहत चढलेली असते. एकोणिसाव्या शतकात हा दोर त्या प्राण्यांनी विणलाय की स्पंजाने, यावर मोठा वाद झाला. तुमच्या बरणीतल्या देठावर बारीक गाठींचं आवरण दिसलं तर ते आधी वेगळं नोंदवा.

आता कागदावर स्पंजाचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी काढा. पुढे घेतलेला प्रत्येक तुकडा कुठून घेतला, त्याचा क्रमांक या चित्रावर टाकायचा आहे.

पृष्ठ सोलून घ्या

सगळ्या कामात मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते. बारीक टोकाच्या चिमट्याने बाहेरच्या पृष्ठाचा चार-पाच मिलिमीटरचा पापुद्रा सोलून घ्या. कांद्याचा पातळ पापुद्रा सुटतो तसा तो बरेचदा अखंड सुटतो. तसाच एक पोकळीच्या बाजूने घ्या. मग तोंडाची कड, भिंतीचा आडवा पातळ काप, आणि देठ किंवा बुडखा. प्रत्येक तुकडा निर्जल अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून काढून कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेखाली बसवा.

माध्यम म्हणून ग्लिसरीन वापरू नका. स्पंजाच्या सिलिकाचा अपवर्तनांक ग्लिसरीनच्या इतका जवळचा आहे की बारीक काटे डोळ्यांदेखत नाहीसे झाल्यासारखे होतात. बाल्सममध्ये ते स्वच्छ उठून दिसतात.

पहिल्यांदा असा पापुद्रा पाहिला तो क्षण विसरता येत नाही. पेंटॅक्टिनचे चार आडवे किरण शेजाऱ्यांच्या किरणांवर पडून चौकोनी जाळी करतात, अगदी वीण उसवलेल्या मच्छरदाणीसारखी. त्या प्रत्येक गाठीवर एकेक पिन्यूल उभा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा केसाळ किरण बाहेर काढून. कोण कुणाच्या डोक्यावर उभा आहे हे तिथे थेट दिसतं. हेच ते 'कुठला'चं उत्तर. जाळी आणि तिच्यावरचे काटे यांची नोंद आणि फोटो झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग आम्ल

मुगाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. बाहेरचा पृष्ठ, आतला पृष्ठ, भिंतीचा गाभा आणि देठ यांचे तुकडे वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घाला, प्रत्येक नळीवर चित्रातला क्रमांक लिहा.

तुकडा आधी पूर्ण वाळवा. संहत नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले तर स्फोटक प्रक्रिया होऊ शकते, म्हणून अल्कोहोलचा ओलावाही उरता कामा नये. काम फ्यूम हूडमध्येच, चष्मा आणि आम्लाला टिकणारे हातमोजे घालून. थोडं आम्ल घालून मंद गरम करा, मांस विरघळून द्रव नितळ होईस्तोवर. ही सोय नसेल तर कपडे धुवायच्या ब्लीचचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा वापर करा. वेळ जास्त लागतो, पण विद्यार्थ्यांच्या हातात मी तेच देतो. जुळलेला सांगाडा अख्खा पाहायचा असेल तर ब्लीचच बरं. ब्लीच आणि आम्ल मात्र कधीही एका नळीत येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

यानंतर धुणं. ऊर्ध्वपातित पाण्याने चार-पाच वेळा, शेवटी अल्कोहोलने. घाई इथेच नडते. मोठे काटे पटकन तळाशी बसतात आणि वाटतं, झालं, ओता वरचं पाणी. पण ज्या सूक्ष्म स्पिक्यूलवर सगळी ओळख उभी आहे ते अजून वरच तरंगत असतात. काही अँफिडिस्क, म्हणजे दोन्ही टोकांना छत्री असलेले काटे, २० मायक्रोमीटरच्या आसपास असतात, आणि पातळ किरणांचे तारे तर पाण्यात पिसासारखे रेंगाळतात. प्रत्येक धुण्यानंतर नळी रात्रभर उभी ठेवा, किंवा सेंट्रिफ्यूज वापरा. ओतलेलं पाणीही फेकण्याआधी एक थेंब काचपट्टीवर पाहून घ्या.

शेवटच्या अल्कोहोलमधला एक थेंब काचपट्टीवर वाळवून बाल्समखाली, आणि दुसरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चकतीवर सोन्याचा मुलामा देऊन पाहायचा. तोडलेल्या, अर्धवट वाढलेल्या काट्यांना नवा प्रकार समजू नका.

ओळखीचा रस्ता

पहिला फाटा उपवर्गाचा. दोन्ही टोकांना छत्री असलेली बारीक काडी दिसली तर तो अँफिडिस्क, आणि स्पंज अँफिडिस्कोफोरा. सहा किरण आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा फुटलेल्या शाखा असा तारा दिसला तर तो हेक्झास्टर, आणि स्पंज हेक्झास्टेरोफोरा. हे दोन्ही एका स्पंजात कधीच नांदत नाहीत. दोन्ही दिसले तर एक कुठलातरी पाहुणा आहे, शेजारच्या स्पंजाचे काटे चिखलाबरोबर आत अडकले आहेत. कुठल्याही प्रकाराचे एक-दोनच नग मिळाले की हीच शंका घ्यायची, आणि सोललेल्या पापुद्र्यात तो प्रकार जागेवर दिसतो का ते पाहायचं. जिथे दिसत नाही, तिथे त्याला वर्णनात घेऊ नका.

अँफिडिस्कोफोरात बुडाकडे पाहा. एकच प्रचंड सुई रोवलेली असेल तर मोनोरॅफिस. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ शुल्झे यांनी १९०४ मध्ये 'वाल्डिव्हिया' या जर्मन खोलसमुद्र मोहिमेच्या नमुन्यांवरून मोनोरॅफिस चुनी वर्णिला, त्याची सुई तीन मीटरपर्यंत वाढते. पीळ दिलेला दोर असेल तर हायलोनेमाचं कुल, आणि पसरट झुबका असेल तर फेरोनेमाचं. बुडाच्या सुयांची टोकं नांगरासारखी असतात. फेरोनेमाच्या कुलात नांगराला दोन दात, हायलोनेमाच्या कुलात त्याहून जास्त. फेरोनेमाच्या कुलात अन्सिनेटही सापडतात, एकाच दिशेला काटे वळलेल्या सुया, गव्हाच्या कुसळासारख्या. हायलोनेमाच्या प्रजाती मात्र डोकं खातात. तिथे अँफिडिस्कचे आकारमानानुसार दोन-तीन गट करून, छत्रीची लांबी आणि दांड्याची लांबी यांचं प्रमाण काढून बसावं लागतं.

हेक्झास्टेरोफोरात सांगाडा मुळापासून जुळलेला असेल तर खराट्यासारखे स्कोप्यूल आणि छत्री-खिळ्यासारखे क्लॅव्यूल शोधा. एकेरी चौकोनी जाळी आणि क्लॅव्यूल म्हणजे बहुधा फॅरियाचं कुल. मधमाशीच्या पोळ्यासारखी आरपार भोकं म्हणजे ॲफ्रोकॅलिस्टिसचं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हेकेट सामुद्रधुनीत १९८७ मध्ये सापडलेले सुमारे ९,००० वर्षं जुने स्पंजखडक याच जुळलेल्या सांगाड्याच्या स्पंजांनी बांधलेत.

स्पिक्यूल सुटे असतील तर बाहेरच्या पृष्ठावरचे काटे निर्णायक. सहा किरणांचे, आत जाणारा किरण सर्वांत लांब, जणू तलवारीची मूठ बाहेर आणि पातं आत, असे असतील तर युप्लेक्टेलाचं कुल. सोबत फ्लोरिकोम मिळाला, म्हणजे टोकांना पाकळ्यांसारख्या वळलेल्या शाखा असलेला तारा, तर खात्री वाढते. बाहेर डोकावणारा किरणच बहुधा नसलेले पेंटॅक्टिन, स्टॉरॅक्टिन किंवा डायॅक्टिन पृष्ठावर, आणि त्यांच्याखाली मोठे पेंटॅक्टिन आधाराला असतील तर रोसेलाचं कुल. पाहा, इथे पुन्हा 'कुठला' हाच प्रश्न कामी येतो.

मोजमाप

प्रत्येक प्रकाराचे शक्यतो ५० काटे मोजा. तेवढे नसतील तर जितके मिळाले तो आकडा स्पष्ट लिहा. किमान, सरासरी, कमाल आणि प्रमाण विचलन द्या. दोन नमुन्यांची मापं एका रकान्यात कालवू नका. अँफिडिस्कसारख्या काट्यांत मापांचे गट खरेच वेगळे आहेत की सलग पसरलेत, हे आलेख काढल्याशिवाय सांगता येत नाही.

नवी प्रजाती आहे का?

पहिलं उत्तर 'नाही' धरून चाला. त्या प्रजातीशी, वंशाशी संबंधित सगळी जुनी वर्णनं काढा. आजचं मान्य नाव कोणतं, हे वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवर कळतं. वंशांच्या व्याख्यांसाठी २००२ चा 'सिस्टेमा पोरिफेरा' हा स्पंजांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ हाताशी हवा. हिंदी महासागरावर काम करणाऱ्याला शुल्झेंशिवाय गत्यंतर नाही. 'चॅलेंजर' या ब्रिटिश सागरी मोहिमेच्या काचस्पंजांवरचा त्यांचा १८८७ चा अहवाल तर आहेच, शिवाय 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने आपल्या समुद्रातून काढलेल्या काचस्पंजांवरचं त्यांचं काम १९०२ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियमने प्रसिद्ध केलं. चित्रं इतकी काटेकोर आहेत की आजही त्यांच्यावरून तुलना करता येते. तरीही शक्य असेल तिथे मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून प्रजातीचं नाव ठरलं तो नमुना, पाहा किंवा त्याच्या काचपट्टीचे फोटो मागवा.

सरासरी मापात थोडा फरक म्हणजे नवी प्रजाती नव्हे. नवं ठिकाण हाही एकट्याने पुरावा होत नाही. मला भरवसा वाटतो तो स्पिक्यूलच्या प्रकारात फरक, त्यांच्या जागेत फरक, आणि मापांत मधे खंड पडलेला असेल तेव्हा. डीएनएचे १६एस, सीओआय, २८एस हे भाग कुल-वंश ठरवायला फार मदत करतात. जवळच्या प्रजातींत ते कधीकधी जवळजवळ सारखे निघतात, तेव्हा त्यांच्या जोरावर वर्णन लोटून नेऊ नका.

अमेरिकेच्या 'ओकिआनोस एक्सप्लोरर' जहाजाने प्रशांत महासागरातून आणलेला, लांब देठाचा आणि डोक्यावर दोन मोठी भोकं डोळ्यांसारखी वागवणारा स्पंज २०२० मध्ये आडव्हेना मॅग्निफिका या नावाने वर्णिला गेला. जगाने त्याचा चेहरा पाहिला, पण नवा वंश उभा राहिला तो त्याच्या स्पिक्यूलची जवळच्या वंशांशी ओळीने तुलना करून. त्याच्या नावात 'परका' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

वर्णन आणि नाव

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार आज नव्या प्रजातीसाठी होलोटाइप, म्हणजे नावाला आधार असलेला एकच नमुना, स्पष्ट नेमावा लागतो, तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहावं लागतं, आणि तिला इतरांपासून वेगळं ठरवणारी लक्षणं शब्दांत द्यावी लागतात. लेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल तर प्रकाशनाआधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी हवी आणि तिचा उल्लेख लेखात हवा.

क्रम साधारण असा ठेवा: तपासलेले नमुने, थोडक्यात निदान (वेगळेपण ठरवणारी लक्षणं), बाह्य रूप, सांगाड्याची मांडणी, स्पिक्यूल, मापांचा तक्ता, नावाची व्युत्पत्ती, जवळच्या प्रजातींशी तुलना. मांडणी नेहमी स्पिक्यूलच्या आधी येते, कारण वाचणाऱ्याला आधी घर दाखवायचं, मग माणसं. चित्रपट्टीत प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र मापरेषा द्या.

नाव विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालवायचं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही: पांढरा, पांढरी, पांढरं. तसंच कॉलोफेकस पुल्लिंगी म्हणून अल्बस, युप्लेक्टेला स्त्रीलिंगी म्हणून अल्बा, हायलोनेमा नपुंसकलिंगी म्हणून अल्बम.

नमुना जमा करताना

भारताच्या जैविक विविधता कायद्याच्या, २००२ च्या, कलम ३९ नुसार नवी प्रजाती सापडली की नियुक्त संस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. सागरी जीवांसाठी गोव्यातली दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशी नियुक्त आहे, आणि प्राण्यांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण. संग्रह क्रमांक लेख पाठवण्याआधीच मिळवून ठेवा.

याच दोना पावलच्या संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ मध्ये समुद्रतळावरचे बहुधात्विक गोळे वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र त्यांच्या शोधासाठी भारताकडे आहे. चिखलाच्या त्या मैदानात उघडा खडक फारसा नाही. देठावरच्या काचस्पंजांना चिकटायला टणक जागा म्हणजे बरेचदा हेच गोळे. तिथून आलेली प्रत्येक बरणी म्हणून मला फार महत्त्वाची वाटते.

होलोटाइपचा निम्मा भाग तरी न कापता ठेवा. काचपट्ट्या, चकत्या, आम्लातून धुतलेल्या काट्यांच्या कुप्या, सगळ्यांवर तोच क्रमांक लिहा. तुमचं ते वेडंवाकडं चित्र, तुकड्यांच्या क्रमांकांसकट, त्याची प्रतही बरणीसोबत द्या. पन्नास वर्षांनी कुणी ती बरणी उघडेल तेव्हा पृष्ठ कुठलं आणि पोकळी कुठली, हे त्याला त्या कागदावर सापडेल.